वागणूक बदलली, पण टेस्टोस्टेरॉन वाढलं नाही. प्रयोग फसला का?

मुसळी_एमफार्म:

नमस्कार. मी एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फार्माकॉलॉजी. सफेद मुसळीच्या मुळांच्या अर्काचा विस्टार जातीच्या नर रॅटच्या लैंगिक वर्तनावर काय परिणाम होतो, हा प्रबंधाचा विषय. सहा-सहा नरांचे गट केले: कंट्रोल (ज्यांना अर्क दिला नाही), अर्काचे दोन डोस, आणि तुलनेला सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध). माद्यांना ४८ तास आधी एस्ट्राडायॉल बेंझोएट आणि त्या दिवशी काही तास आधी प्रोजेस्टेरॉन ही मादी हार्मोन देऊन माजावर आणलं. निरीक्षण लाल दिव्याखाली.

मोठ्या डोसच्या गटात माउंटिंग (मादीवर चढणं) आणि इंट्रोमिशन (प्रत्यक्ष समागमाचा धक्का) दोन्ही वाढले. मादी सोडल्यापासून पहिल्या माउंटपर्यंत लागणारा वेळही कमी झाला. पण शेवटी रक्त काढून एलायझा (हार्मोन मोजायची चाचणी) केली, तर टेस्टोस्टेरॉन हे नर हार्मोन कंट्रोलइतकंच. गाइड सरांचं म्हणणं, हार्मोन वाढलेलं नाही म्हणजे वर्तनातला फरक योगायोगाचा, नवीन बॅच घेऊन सगळं पुन्हा करा. पुन्हा म्हणजे तेवढेच प्राणी पुन्हा मारायचे. मला ते पटत नाही, पण सरांना काय सांगू ते सुचत नाही. कोणी मदत करेल का?

फार्मा_निखिल:

आधी एलायझाचं किट तपासून घे. मुदत, स्टँडर्ड कर्व्ह (ज्यावरून आकडे काढतात तो आलेख), सीरम (रक्तातला पातळ भाग) किती वेळा वितळवून परत गोठवलं, सगळं बघ. आमच्या बॅचमधल्या एका मुलीचे सगळे आकडे नुसत्या किटमुळे गेले होते. आणि प्राणी वाढवायचे असतील तर एथिक्स कमिटीची परवानगी नव्याने लागेल, जुन्या मंजुरीत ते बसणार नाही.

कुमुद_फिजिऑलॉजी:

तुझा प्रयोग फसलेला नाही. जेवढं टेस्टोस्टेरॉन जास्त तेवढी कामेच्छा जास्त, ही जी समजूत त्यामागे आहे ती तपासायला हवी. माझी सगळी नोकरी रॅट आणि गिनीपिग यांच्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हार्मोन लागतं, यात वाद नाही. १८४९ साली जर्मनीतल्या गॉटिंगेनला आर्नोल्ड बर्टहोल्डने सहा तरण्या कोंबड्यांवर प्रयोग केला. ज्यांची वृषणं काढून टाकली ते मऊ पडले. तुरा वाढेना, आरवणं गेलं, कोंबड्यांच्या मागे लागणंही गेलं. ज्यांच्या पोटात वृषण परत ठेवलं, मग ते स्वतःचं असो की दुसऱ्याचं, ते मात्र चारचौघांसारखे कोंबडे झाले, भांडायला लागले. पुढे उघडून पाहिलं तर त्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, पण नसा जोडलेल्या नव्हत्या. म्हणजे जे काही जातं ते रक्तातून जातं, हे त्याने ओळखलं. टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात हाती यायला त्यानंतर १९३५ साल उजाडलं.

आता तुझ्या कामाचा प्रयोग सांगते. तो सरांसमोर ठेव. १९५२ साली कॅन्सस विद्यापीठात ग्रंट आणि यंग यांनी नर गिनीपिगांच्या चाचण्या घेऊन तीन गट पाडले: तेज, मध्यम आणि मंद. मग सगळ्यांची वृषणं काढली. हळूहळू सगळे एकाच खालच्या पातळीला आले, कोण तेज होता आणि कोण मंद ते ओळखू येईना. त्यानंतर प्रत्येकाला वजनाच्या प्रमाणात टेस्टोस्टेरॉन प्रोपिओनेटचा (टोचायच्या टेस्टोस्टेरॉनचा) सारखाच डोस दिला. तर तेज होते ते परत तेज झाले, मध्यम ते मध्यम, आणि मंद ते मंदच राहिले! पुढे यंगच्याच गटाने मंद नरांना भरपूर जास्त डोस देऊन पाहिला, तरी ते तेज झाले नाहीत. फरक सिरिंजमध्ये नव्हता, ज्या शरीरात ती टोचली त्यात होता. हा शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा लायब्ररीतून उठवेना. आजही कोणी जाहिरातीत 'टेस्टोस्टेरॉन वाढवा, जोम वाढवा' म्हणालं की मला ते मंद गिनीपिग आठवतात.

रॅटचंही तेच. १९७७ साली डॅमासा, डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी वृषण काढलेल्या रॅटना वेगवेगळ्या पातळीचं टेस्टोस्टेरॉन दिलं. नेहमीच्या पातळीच्या कितीतरी खाली, थोडक्या हार्मोनवरही, समागम चालू राहतो असं दिसलं. त्या उंबरठ्याच्या वर गेलं की रक्तातला आकडा आणि वर्तन यांचा मेळ सुटतो. तुझे नर धडधाकट होते, त्यांच्या रक्तात आधीच गरजेपेक्षा जास्त हार्मोन होतं. तिथे आणखी वाढलं नाही म्हणून वर्तन खोटं ठरत नाही.

मग वर्तन बदललं कशाने? शक्यता बऱ्याच आहेत, पण त्या बहुतेक मेंदूत आहेत. डेव्हिडसनने १९६६ मध्येच वृषण काढलेल्या नरांच्या मेंदूत, प्रीऑप्टिक भागात (समागमाशी जोडलेला मेंदूचा भाग), टेस्टोस्टेरॉनचा कण ठेवून समागम परत आणून दाखवला होता. शिवाय रॅटच्या मेंदूत टेस्टोस्टेरॉनचं ॲरोमॅटेज एन्झाइममुळे एस्ट्राडायॉल (एक एस्ट्रोजेन) होतं आणि बरंचसं काम ते करतं. ज्याचं एस्ट्रोजेन होऊ शकत नाही असं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन एकटं दिलं तर वृषण काढलेला रॅट फारसा सुधारत नाही. गिनीपिगमध्ये मात्र तेच चालतं, म्हणून एका जातीचा निष्कर्ष दुसरीवर लादू नये. एलेन हल या संशोधिकेच्या प्रयोगशाळेने दाखवलं की मादी समोर आली की त्याच प्रीऑप्टिक भागात डोपामाइन (मेंदूतलं एक संदेश देणारं रसायन) सुटतं, आणि वृषण काढलेल्या नरात ते सुटत नाही. सुटण्यासाठी नायट्रिक ऑक्साइड लागतं, आणि ते बनवणारं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनमुळे टिकून राहतं. तुझा अर्क यातल्या कुठल्याही पायरीवर हात लावत असेल, सीरमला त्याचा पत्ताही लागणार नाही.

आता मला तू सांग: रक्त कधी काढलंस? मादीबरोबर सोडण्याआधी की नंतर? दिवसाच्या कोणत्या वेळी? टेस्टोस्टेरॉन दिवसभर झटक्याझटक्याने सुटतं, एका थेंबावर भरवसा ठेवता येत नाही. आणि नुसत्या मादीच्या चाहुलीनेही ते वाढतं. १९८० साली ग्रॅहम आणि देजार्दां यांनी नरांना मेथिल सॅलिसिलेटचा, म्हणजे आपल्या अंगदुखीच्या मलमाचा, वास देऊन मग मादीशी गाठ घालून दिली. असं वारंवार केल्यावर पुढे नुसत्या वासानेच त्यांचं एलएच (वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारं हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन चढायला लागलं. हार्मोनमुळे वर्तन घडतं, तसं वर्तनामुळे आणि आठवणीमुळे हार्मोनही बदलतं. मग एका वेळच्या आकड्याला कारण म्हणायचं की परिणाम?

दुसरं, नर अनुभवी होते का? नवखे आणि अनुभवी नर एका गटात मिसळले असतील तर सगळी गणितं बिघडतात. यंगच्याच प्रयोगशाळेत एकटे वाढवलेले गिनीपिग हार्मोन असूनही नीट चढू शकत नव्हते, मादीच्या तोंडाकडूनही चढायला बघत.

डॉ_पशुवैद्य_फलटण:

कुमुदताईंचं वाचून आमच्याकडची गोष्ट सांगावीशी वाटली. गोऱ्हा लहान वयात खच्ची केला तर तो गाईकडे बघत नाही. पण शेतकरी कधीकधी चार-पाच वर्षांचा, गाईंवर फिरलेला वळू चिमटा लावायला आणतो. खच्ची केल्यावरही तो कितीतरी दिवस माजावरच्या गाईवर चढतो. मग मालक तक्रार घेऊन येतो, 'डॉक्टर, चिमटा नीट बसला नाही.' हाताने तपासलं तर वृषणं पार वाळलेली असतात. रक्तात हार्मोन नाही, पण डोक्यातली सवय लगेच जात नाही. मालकाला हे पटवणं कठीण जातं.

मुसळी_एमफार्म:

कुमुद मॅडम, खूप आभार. पशुवैद्य सरांचेही. रक्त शेवटच्या चाचणीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी काढलं होतं, एकदाच. नर सगळे चाचणीआधी माद्यांबरोबर सोडून पारखलेले होते, जे चढले नाहीत ते आम्ही घेतलेच नव्हते. सगळ्या चाचण्यांचे व्हिडिओ आहेत. मेंदू उणे ८० ला ठेवलेले आहेत, टाकलेले नाहीत. निखिल, किटचा कर्व्ह चांगला आहे, पुन्हा पाहिला.

कुमुद_फिजिऑलॉजी:

शाबास. मेंदू ठेवलेस हे सर्वांत मोठं काम केलंस. मग एकही नवा प्राणी न मारता पुढे जाता येईल.

आधी व्हिडिओ. कोणता नर कोणत्या गटातला हे ज्याला माहीत नाही अशा माणसाकडून ते पुन्हा मोजून घे. त्याला आधी नीट शिकव. माउंटमध्ये नर पुढच्या पायांनी मादीची कूस धरतो, भराभर हिसके देतो आणि सहज उतरतो. इंट्रोमिशनमध्ये एक खोल धक्का असतो, तो झटक्यात मागे उडतो आणि लगेच खाली वाकून स्वतःला चाटतो. इजॅक्युलेशनला तो तसाच धरून राहतो, पुढचे पाय उघडून हळूच सोडतो आणि मग पडून राहतो. त्या पडून राहण्यात तो २२ किलोहर्ट्झच्या आसपास लांब आवाज काढत असतो, आपल्या कानाला तो ऐकू येत नाही. ही विश्रांती किती मिनिटं टिकली तेही मोज, बरेच जण ते सोडून देतात. नुसते माउंट वाढले आणि इजॅक्युलेशन लांबलं, तर त्याला जोम म्हणू नकोस, त्यात अडचणही असू शकते.

मग नर एकूणच जास्त धावपळ करत होते का ते बघ. मादी सोडण्याआधी नर एकटा असतो ती पाच मिनिटं व्हिडिओत असतील, त्यातली हालचाल मोज. अर्कामुळे सगळीच चपळाई वाढली असेल तर अर्थ वेगळा लागतो.

मेंदूचा प्रीऑप्टिक भाग काढून नायट्रिक ऑक्साइड सिंथेससाठी (नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या त्या एन्झाइमसाठी) वेस्टर्न ब्लॉट ही प्रथिन मोजायची चाचणी कर, शक्य असेल तर ॲरोमॅटेजही. ऊतीतलं एकूण डोपामाइन मोजण्यात वेळ घालवू नकोस. वृषण काढलेल्या नरातही साठा असतोच, कमी पडतं ते सुटणं, आणि गोठवलेल्या मेंदूत ते कळत नाही.

प्रबंधात सरळ लिही: वर्तन बदललं, सीरम टेस्टोस्टेरॉन बदललं नाही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी दे. 'टेस्टोस्टेरॉन वाढवणारी मुसळी' असं शीर्षक कोणी सुचवलं तर घेऊ नकोस. सरांकडे जाताना ग्रंट आणि यंग यांच्या निबंधाची प्रत ने, आणि त्यांच्याशी नम्रपणे पण ठामपणे बोल. त्यांनी तरीही नवी बॅचच हवी म्हटलं, तर कमी प्राण्यांत उत्तर मिळत असताना जास्त का, हा प्रश्न एथिक्स कमिटी त्यांना विचारेलच.

व्हिडिओची मोजणी झाली की आकडे इथे टाक, मी बघते.