हार्ड स्फिअरच्या मोंटे कार्लोमध्ये प्रेशर कमी येतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी हार्ड स्फिअरचं (एकमेकांत घुसू न शकणारे कडक गोळे) मोंटे कार्लो, म्हणजे रँडम हालचालींचं, सिम्युलेशन लिहितोय, ५०० गोळे, एफसीसी क्रिस्टलच्या रचनेपासून सुरुवात, पिरिऑडिक बाउंड्री (बॉक्सच्या एका बाजूने बाहेर गेलेला गोळा समोरच्या बाजूने आत येतो), गोळा थोडा हलवायचा आणि दुसऱ्यात घुसला की मूव्ह रिजेक्ट, बस एवढंच. एनर्जी वगैरे भानगडच नाही म्हणून सोपं वाटलं होतं, पण आता प्रेशरने डोकं खाल्लंय.

पॅकिंग फ्रॅक्शन (गोळ्यांनी व्यापलेला जागेचा हिस्सा) ०.४० ला कार्नाहन-स्टार्लिंगच्या सूत्राने झेड (आदर्श वायूच्या प्रेशरच्या किती पट प्रेशर) ६.९३ यायला हवा, माझा ६.३ च्या आसपासच घुटमळतो. टक्कर क्षणात होते त्यामुळे नेहमीसारखं फोर्सवरून प्रेशर काढता येत नाही, म्हणून मी जी ऑफ आरची (एका गोळ्यापासून आर अंतरावर दुसरा गोळा सापडण्याचं सापेक्ष प्रमाण) अगदी स्पर्शाजवळची किंमत घेतो, म्हणजे हिस्टोग्रामच्या पहिल्या बिनची (अंतराच्या कप्प्याची), बिनची रुंदी व्यासाच्या ०.०५ पट. तिथे कर्व्ह धाडकन खाली येतो, तर सरासरीतच मार खातोय का? बिन बारीक केला की नॉइज एवढा वाढतो की काही कळत नाही. पहिल्या चार-पाच बिनमधून फिट करून स्पर्शापर्यंत मागे न्यायचं की सरळ बॉक्स जरासा दाबून ओव्हरलॅप मोजायचे, कोणी केलंय का हे?

आणि ०.५२ ला माझा क्रिस्टल वितळतच नाही, तो ०.४९४ ते ०.५४५ च्या द्रव-क्रिस्टल सहअस्तित्वाच्या पट्ट्यात येतो म्हणून असेल, की सिस्टिमच लहान पडतेय? गाइड सुट्टीवर आहेत, सोमवारी प्रेझेंटेशन 🙏