स्काउट-गाईडचे बॅज आणि घरातली धांदल: तुमचे अनुभव सांगा

बाल्कनीवाली

काल बाल्कनीतली कपड्यांची दोरी तुटली. सात वर्षं ऊन खाऊन नायलॉनचा पार भुगा झाला होता, मधोमध तुटली आणि माझे दोन कुर्ते थेट खालच्या काकूंच्या तुळशीत. दोन्ही टोकांच्या गाठी मात्र ग्रिलला जशाच्या तशा. सुटेचनात, शेवटी सुरीने कापल्या आणि कापताना आठवलं की या लेकाने सहावीत मारलेल्या गाठी आहेत. आता तो हॉस्टेलला असतो.

त्याची गोष्ट अशी की प्रथम सोपानची, म्हणजे स्काउटमधल्या एका पायरीची, चाचणी होती. मी डोंबिवलीला उतरून भाजी घेऊन घरी पोचले तेव्हा पावणेनऊ. जेवणं झाली, ओटा आवरला, आणि साडेदहाला साहेब म्हणाले, आई उद्या गाठींची परीक्षा आहे, तीन मीटर दोरी लागेल. साडेदहाला कोण दुकान उघडं ठेवणार? नवरा म्हणाला पायजम्याची नाडी दे. मी तिरमिरीत जाऊन वाळत घालायची दोरीच कापली. दुसऱ्या दिवशी उरलेली दोरी पुरेना, तेव्हा त्यानेच ती अलीकडच्या हुकापर्यंत ओढून दोन वेढे आणि दोन अर्ध्या गाठी मारून बांधली, शाळेत नुकतीच शिकलेली.

आणि आता कबुलीजबाब. त्याच्या लॉगबुकातली शिबिराची चार पानं मी लिहिली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने. सरांनी वाचलं आणि त्याला एवढंच विचारलं, "भांडी घासल्यावर मन प्रसन्न झालं, हे तुझं वाक्य का रे?" वही परत. चारही पानं त्याने पुन्हा लिहिली आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तर तुमचेही येऊ देत. स्काउट, गाईड, त्यांच्यातले लहानगे कब आणि बुलबुल, आरएसपीवाल्यांनाही (रस्ता सुरक्षा पथक) मज्जाव नाही.

मिरचीचा ठेचा

डाव्या हाताने!!! अगं मी तर मुलीला सांगून शब्द चुकवत होते, "इथे ऱ्हस्व लिही म्हणजे खरं वाटेल"

टेम्पो ४०७

मी गाडी चालवतो, कोल्हापूर एमआयडीसी ते पुणे. पोरगं स्काउटमध्ये. एक दिवस माल बांधत होतो तर शेजारी येऊन उभा, म्हणतो पप्पा ही गाठ चुकीची आहे, ही उलटी गाठ, ताण आला की घसरते. वीस वर्षं माल बांधतोय आणि हा सहावीतला मला शिकवतोय, डोकं सटकलं. म्हटलं बांधून दाखव. त्याने दोन टोकं घेऊन सांगितलं, उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. आपण घाईत दोन्ही वेळा उजवंच वर घेतो, तिथे उलटी पडते. ओढून बघितली, सपाट बसली. मग मी त्याला ताडपत्री आवळायची आमची ड्रायव्हर लोकांची गाठ दाखवली, ती त्याच्या पुस्तकात नव्हती. मास्तरांना दाखवली म्हणे वर्गात. त्या वर्षी मी पोराच्या अभ्यासात तेवढंच केलं, बाकी सगळं मिसेसने. घरी असतोच कुठं मी.

गावाकडची सून

टेम्पोदादा, वाचून बरं वाटलं. आमच्याकडे उलटं. मुलगी बोलाइनची गाठ शिकत होती, ते ससा बिळातून बाहेर येतो झाडाला वळसा घालतो परत बिळात जातो असं काहीतरी असतं बघा, तीन दिवस तिचा ससा बिळातच अडकलेला. दिवाळीत सासरी गेलो तर सासूबाई गोठ्यात गाय बांधत होत्या. मुलगी किंचाळलीच, आजी हीच ती! गळ्यात घातली तरी आवळत नाही म्हणून जनावराला तीच मारतात. सासूबाई म्हणाल्या याची परीक्षा असते? मग मला द्या की बॅज.

बाल्कनीवाली

टेम्पो ४०७, ती ताडपत्रीची गाठ मलाही शिकवा, नवीन दोरी ढिली पडतेय. आणि आजींना बॅज द्याच.

पर्जन्यछाया

बाकी ते "रोज एक सत्कृत्य" कोणाकोणाच्या घरी होतं? आमचे चिरंजीव सकाळी आठला आजोबांचा चष्मा शोधून द्यायचे आणि दिवसभर कुठलंही काम सांगितलं की "आजचं झालंय".

मिरचीचा ठेचा

आमच्याकडे आजोबाच चष्मा लपवून ठेवायचे, नातवाला सत्कृत्य मिळावं म्हणून

अर्धा कप

आमचे आजोबा तर भडकले होते. नात बुलबुलमध्ये गेली आणि पहिल्याच दिवशी येऊन डावा हात पुढे केला शेकहँडला. आजोबा जुने, पूजाअर्चा वाले. डावा हात? मला? तासभर शाळेच्या नावाने. मग तिने समजावलं की स्काउट-गाईड डाव्याच हाताने करतात, तो हृदयाच्या बाजूचा. त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही पण नंतर बँकेत मॅनेजरला त्यांनी डावा हात दिल्याचं बाबा सांगतात.

रात्रपाळी

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. लेक गाईड, तिचा प्रथमोपचाराचा बॅज होता. सगळे म्हणायचे तुला काय, घरचंच आहे. कसलं घरचं, मी रात्रभर ड्युटी करून सकाळी आठला घरी, ती साडेसातला शाळेत. आमची भेट फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर. मग तिने सराव आजीवर केला. त्रिकोणी पट्टीची झोळी आजीच्या हाताला, एक डोक्याला, एक घोट्याला, आणि क्लासची वेळ झाली म्हणून तशीच निघून गेली. आजीला खुर्चीतच डुलकी लागली. शेजारच्या वहिनी साखर मागायला आल्या, बघितलं, आणि अर्ध्या तासात मजल्यावरचे सगळे ग्लुकोज बिस्किटं आणि शहाळी घेऊन हजर. मी झोपेतून उठून बाहेर येते तर हॉलमध्ये सात माणसं आणि मध्ये आजी शहाळं पितायत. खरं काय ते त्यांनी शहाळं संपेपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

बॅज मिळाला. झोळीची गाठ मानेच्या बाजूला येते, मानेच्या हाडावर येऊ द्यायची नाही, हे एवढं मी तिला सांगितलेलं, फोनवर, लिफ्टमध्ये रेंज जाता जाता.

मिरचीचा ठेचा

आजी इज बॉस

जुनं खोड

आमच्या वेळी खाकी हाफ पँट, पितळी बकलाचा पट्टा, शनिवारी रात्री ब्रासो लावून घासायचा. आई-बापाला आपण स्काउटमध्ये आहोत हे माहीतही नसायचं, मदत लांबच राहिली. पण खरी कमाईच्या आठवड्यात मजा. कार्ड घेऊन घरोघर जायचं, काका काही काम आहे का. बूट पॉलिश, दळण आणणं, अंगण झाडणं, आणि त्याचे चार आणे, आठ आणे कार्डावर लिहून घ्यायचे. एका वकिलांनी माझ्याकडून माळ्यावरचं सगळं रद्दीचं सामान उतरवून घेतलं, दोन तास, आणि दहा पैसे दिले. वर म्हणाले सही करतो आण. साताऱ्याची गोष्ट, 1974 साल. ते वकील पुढे माझ्या लग्नात आले होते, अकरा रुपये आहेर.

आता खरी कमाई म्हणजे शाळेत भेळेचा स्टॉल. भेळ आई करते, विकत बाप घेतो.

अर्धा कप

काका शेवटचं वाक्य थेट काळजाला. मागच्या जानेवारीत मी पहाटे पाचला साठ इडल्या केल्या आणि त्यातल्या वीस मीच विकत घेऊन ऑफिसला नेल्या.

एडिसनची शेवंता

न्यू जर्सीतून. इथे पण तेच हो काका. कब स्काउटची पाइनवूड डर्बी म्हणून शर्यत असते, पाइनच्या लाकडाचा ठोकळा, चार प्लास्टिकची चाकं आणि आसाला चार खिळे मिळतात, मुलाने त्यातून गाडी करायची, वजन 5 औंसाच्या वर जाता कामा नये. मुलाने म्हणायचं फक्त. आदल्या रात्री बेसमेंटमध्ये नवरा स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर गाडी ठेवून ड्रिलने भोकं पाडत होता आणि मुलगा वर झोपलेला. शर्यतीत तिसरे आलो. "आलो" नवरा म्हणाला, मी नाही. मुलगा पुढच्या वर्षी म्हणाला यंदा मी एकटा करणार, वाकडीतिकडी केळ्यासारखी पिवळी गाडी केली, शेवटून दुसरा आला आणि ती अजून त्याच्या टेबलावर आहे. तिसरी आलेली कुठे गेली देव जाणे.

धाकटी गर्ल स्काउट. त्यांचा कुकी विकायचा सीझन जानेवारीपासून, म्हणजे बरोबर संक्रांत. मंडळाच्या हळदीकुंकवात तिळगूळ एका हाताने आणि थिन मिंटचे खोके दुसऱ्या हाताने. थोरल्याचं आता ईगलचं, म्हणजे इथल्या स्काउटमधल्या सगळ्यात वरच्या पायरीचं, चाललंय, एकवीस मेरिट बॅज, शिवाय समाजाच्या उपयोगाचा एक प्रकल्प, सगळं अठरा पूर्ण व्हायच्या आत. त्याला सतरा पूर्ण झाली आणि प्रकल्पाचा कागद अजून कोरा. मी काही बोलत नाही. म्हणजे दिवसातून तीनदाच बोलते.

पर्जन्यछाया

तिळगूळ घ्या कुकी घ्या

नुसतीच वाचक

मी सहसा लिहीत नाही. आमचं राहिलं. राज्य पुरस्काराची सगळी तयारी झाली होती, तृतीय सोपान झालेलं, लॉगबुक पूर्ण, बॅज पूर्ण. शाळेकडून फॉर्म वेळेत पुढे गेलाच नाही. का ते कोणी नीट सांगितलं नाही, आम्हीही वेळेत विचारलं नाही कारण त्याच महिन्यात सासऱ्यांचं बायपास. मुलगा काही बोलला नाही. राज्यपालांच्या सहीचं सर्टिफिकेट लावायचं म्हणून भिंतीवर जागा ठरवून त्याने आधीच खिळा ठोकला होता. त्या खिळ्याला अजून कॅलेंडर असतं.

बाल्कनीवाली

अगं. काय बोलू. मुलगा कसा आहे आता?

नुसतीच वाचक

छान आहे गं. बारावीला आहे. गच्चीवर गणपतीचा मंडप तो आणि त्याची मित्रमंडळीच बांधतात, बांबू न् सुंभ घेऊन, मंडपवाल्याला बोलावत नाहीत. चौकोनी बांधणी का काय ते. सासरे खाली खुर्ची टाकून बघत बसतात.

फळा-खडू

स्काउटमास्तर या नात्याने बोलू का. मी गणित शिकवतो, पथक हे वरचं काम. बत्तीस मुलं. पालकांनो, लॉगबुक लिहू नका हो. आम्हाला कळतं. पाचवीतलं पोर "सदर शिबिरात" असं लिहीत नाही. "निसर्गाच्या कुशीत" तर अजिबात लिहीत नाही. एकाने लिहिलं होतं "भात करपला, वरचा खाल्ला, रोहनने खालचा पण खाल्ला". त्याला मी पैकीच्या पैकी दिले.

आणि दोन सोपानांच्या मध्ये काही महिने जावे लागतात ते उगाच नाही. पालक विचारतात सर दोन एकदम उरकता येतील का, मेमध्ये आम्ही गावाला असतो. उरकायचं असेल तर मग बाजारात कापडी बॅज मिळतात, शिवून टाका.

फॉर्मचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडून होतं असं, खोटं बोलत नाही.

घाईत आहे

दहावीला मार्क वाढतात का याचे?

फळा-खडू

शाळेच्या ऑफिसात विचारा, नियम बदलत असतात.

मिरचीचा ठेचा

सर रोहन आता कसा आहे

फळा-खडू

केटरिंग कॉलेजला आहे. खरंच.

अलिबागचा पांढरा कांदा

भांड्याशिवाय स्वयंपाक कोणी केलाय का? मुलाला करायचा होता, निखाऱ्यात बटाटा, काठीला कणीक गुंडाळून भाजायची, अर्ध्या संत्र्याच्या सालीत अंडं. भर जुलैत सराव म्हणून गॅसवर जाळी ठेवून केला, संत्री जुलैत कुठली, मोसंब्याच्या सालीत केलं. अंडं कडू, स्वयंपाकघरभर धूर, वरून वॉचमनचा इंटरकॉम. पण बटाटा काय लागतो राव मीठ लावून. मी म्हटलं बाळा ही तर आपली शेंगा-बटाटे भाजायची पोपटीच झाली.

पर्जन्यछाया

पोपटी कशी? पोपटीला मडकं लागतं. मडकं म्हणजे भांडंच की.

अलिबागचा पांढरा कांदा

मडकं उलटं ठेवतात आणि त्यात पाणी घालत नाहीत, मग ते भांडं कसं? ती भट्टी झाली.

गावाकडची सून

भांबुर्ड्याचा पाला नाही घातला तर पोपटी नाही, एवढं मला कळतं. आणि चुलीवर भांडं ठेवणार असाल तर बुडाला बाहेरून ओली माती लिंपा, नंतर काजळी घासत बसावं लागत नाही. हे पण मुलीच्या शिबिरात शिकवलं, सासूबाई परत म्हणाल्या द्या बॅज.

रात्रपाळी

माग काढायच्या खडूच्या खुणांचा त्रास झाला का कोणाला? मुलीने तळमजल्यापासून पाचव्या मजल्यापर्यंत बाण काढले होते. फुली म्हणजे इकडून जाऊ नका, ती सेक्रेटरींच्या दारावर. आणि आमच्या दारावर गोल आणि मध्ये टिंब, म्हणजे "मी घरी गेले". ते मी पुसलं नाही. ड्युटीवरून आले की कळायचं, आज क्लास बुडवून घरीच आहे.

जुनं खोड

ते गोल-टिंब स्काउट सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांच्या थडग्यावर आहे. केनियात न्येरीला. 1941 साली गेले ते.

मिरचीचा ठेचा

बाई गं. आमच्या बाथरूमच्या दारावर आहे ते. आज पुसते.

कोथरूडची कोमल

उशिरा आले. स्कार्फला लावायचं वॉगल सारखं हरवतं त्याला उपाय सांगा, चौथं आहे.

टेम्पो ४०७

पीव्हीसी पाईपचा बोटभर तुकडा कापा, घासपेपर मारा, मुलालाच रंगवू द्या. स्वतः रंगवलेलं हरवत नाही. बाल्कनीवाल्या ताई, गाठीचा व्हिडिओ टाकतो रविवारी, आत्ता खंबाटकीला आहे, चहाला थांबलोय.

बाल्कनीवाली

दादा सावकाश या. मी मघाशी लेकाला व्हिडिओ कॉल केला, दोन वेढे कुठून घ्यायचे ते विचारायला. मेसच्या रांगेत होता. म्हणाला "आई, डाव्या हाताने बांध, तुझा चांगला आहे." मित्र हसले मागे. ठेवला मी फोन. कपडे सध्या खुर्च्यांवर आहेत.

गावाकडची सून

पोपटीचं डिसेंबरात ठरवा काहीतरी. मडकं मी आणते, ते भांडं आहे की नाही ते तिथे बघू.