घरात बाळ येणार म्हणून मांजर दुसऱ्याकडे द्यावे का?

मूळ मुद्दा (कर्वेनगर)

पहिले बाळ येण्याआधी पाळलेले मांजर कुणाला तरी देऊन टाकावे, हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो. मला पाचवा महिना आहे. घरी नवरा, सासूबाई आणि मनी नावाची मांजर आहे, आणि नातेवाइकांपासून सोसायटीतील शेजाऱ्यांपर्यंत अनेकांनी मला हेच सुचवले आहे. मी मनीला देणार नाही. त्यामागची कारणे येथे मांडते. ज्यांना ती पटत नाहीत त्यांनी मोकळेपणाने विरोध करावा.

सर्वांत आधी भीती घातली जाते ती मांजरामार्फत पसरू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मोसिस या संसर्गाची, आणि ती भीती खोटी नाही. गर्भारपणात स्त्रीला हा संसर्ग पहिल्यांदाच झाला तर तो वारेतून बाळापर्यंत जाऊ शकतो. सुरुवातीच्या महिन्यांत तो पोहोचण्याची शक्यता कमी असते, पण पोहोचला तर मेंदूला आणि डोळ्यांना होणारी इजा अधिक गंभीर असते. मात्र या जंतूची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात, तीही साधारणपणे मांजराला पहिला संसर्ग झाल्यानंतरचे १ ते ३ आठवडे, आणि बाहेर पडल्यावर संसर्गक्षम होण्यासाठी त्यांना १ ते ५ दिवस लागतात. म्हणून मांजराचा शौचाचा ट्रे रोजच्या रोज साफ करावा आणि ते काम गर्भवतीने करू नये, असे डॉक्टर सांगतात. आमचा ट्रे ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला असतो. रोज सकाळी दूध तापत ठेवले की नवरा हातमोजे घालतो, जाळीच्या चमच्याने गुठळ्या काढतो, पिशवीला दोन गाठी मारतो आणि साबणाने हात धुऊन मगच गॅसकडे परततो. मनी घराबाहेर जात नाही, उंदीर मारत नाही, कच्चे मांस खात नाही. याउलट अर्धवट शिजलेल्या मटणातून, नीट न धुतलेल्या पालेभाजीतून आणि कुंडीतल्या मातीतूनही हाच संसर्ग होऊ शकतो, पण त्याबद्दल मला कुणी एका शब्दानेही सावध केले नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मनीला ‘देऊन टाकायचे’ म्हणजे नेमके कुठे द्यायचे, हे सल्ला देणारा सांगत नाही. फार विचारल्यावर कुणी मंडईजवळ सोडायला सांगते, कुणी तळजाई टेकडीच्या पायथ्याशी. घरात वाढलेल्या मांजराला तेथे अन्न मिळवता येत नाही आणि कुत्र्यांपासून पळताही येत नाही. पाळीव प्राण्याला उपाशी मरण्याच्या स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपयेच आहे, पण दंड कमी म्हणून ते कृत्य लहान ठरत नाही. आपण ज्या जिवाला जीव लावला, त्याला आपल्या आयुष्यातील आनंदाच्या वेळीच घराबाहेर काढायचे, हे मला मान्य नाही.

प्रतिसाद (सदाशिव पेठ)

ताई, आपण अभ्यास करून लिहिले आहे, त्यामुळे मीही सविस्तर विरोध करते. मला दोन मुले आणि तीन नातवंडे आहेत, आणि आमच्या वाड्यात मांजरे कायम असत. म्हणूनच सांगते की आपण गर्भारपणाचा विचार पुष्कळ केला आहे आणि बाळंतपणानंतरच्या वर्षाचा फार थोडा.

ट्रे आणि संसर्ग हे नऊ महिन्यांचे प्रश्न आहेत. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. मांजराला ऊब हवी असते, आणि घरातील सर्वांत उबदार जागा म्हणजे दुपट्यात गुंडाळलेले तान्हे बाळ. त्या बाळाला मान धरता येत नाही की तोंडावर आलेली वस्तू दूर ढकलता येत नाही. मांजर मुद्दाम काही करते असे मी म्हणत नाही. ते फक्त झोपायला येईल. पाच-सहा महिन्यांनी बाळ पालथे पडू लागते, पुढे रांगू लागते आणि समोर दिसेल ते ओढते. शेपूट ओढली की शांतातले शांत मांजरही पंजा मारते. मांजराचे दात बारीक आणि टोकदार असल्यामुळे चावा वरून लहान दिसतो, पण खोल जातो आणि लवकर चिघळतो. त्यात रेबीजची शंका आली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी त्या एवढ्याशा जिवाला टोचून घ्यायला न्यावे लागते.

आता मी आपल्याला एक स्पष्ट प्रश्न विचारते. रजा संपल्यावर आपण दोघे कामावर जाल, तेव्हा दुपारी घरी कोण असेल? सासूबाई. त्या बाळाला पाळण्यात घालून क्षणभर दार उघडायला गेल्या किंवा कुकर बंद करायला गेल्या, तर लक्ष कोणी ठेवायचे? आपल्या प्रेमाची राखण आपण एका थकलेल्या बाईच्या अंगावर टाकत आहात. मंडईत सोडा असे मी कधीच म्हणणार नाही, पण ओळखीचे चांगले घर शोधून मनीला तेथे दिले तर त्यात निष्ठुरपणा कुठे आहे?

प्रतिसाद (औंध)

मी पशुवैद्यक आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. आधीच्या प्रतिसादातील दोन्ही धोके खरे आहेत, पण त्यांवर उपाय आहे. बाळ झोपते त्या खोलीला बारीक जाळीचे स्वतंत्र दार बसवावे, म्हणजे आवाज ऐकू येतो, हवा खेळते आणि मांजर आत जात नाही. रेबीजची लस दर वर्षी वेळेवर द्यावी, महापालिकेकडे मांजराची नोंदणी करावी, नखे नियमित कापावीत आणि जंताचे औषध चुकवू नये. ओरखडा किंवा चावा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना किंवा तिखट लावू नये. मांजराला बसायला उंच फळी द्यावी, कारण पळून जायला जागा असलेले मांजर सहसा पंजा मारत नाही.

प्रतिसाद (हडपसर)

मी विरोधी बाजूने लिहितो आहे, आणि लिहिताना मला त्रास होतो आहे. आमच्याकडे बोका होता. मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा तिला रात्री धाप लागू लागली. डॉक्टरांनी तपासण्या करून मांजराची ॲलर्जी असल्याचे सांगितले. ही ॲलर्जी केवळ केसांमुळे होते असे अनेकांना वाटते, पण ती मांजराच्या लाळेतील आणि त्वचेतील प्रथिनांमुळे होते. मांजर अंग चाटते, ती प्रथिने सुकून हवेत मिसळतात आणि पडदे, गाद्या, कपडे यांवर बसतात. मांजर घरातून गेल्यावरही ती अनेक महिने टिकून राहतात. आम्ही बोक्याला शयनगृहाबाहेर ठेवून पाहिले, गाद्यांच्या खोळी बदलल्या, तरीही तिची धाप थांबली नाही. शेवटी बोका माझ्या बहिणीकडे साताऱ्याला गेला. तो तेथे सुखात आहे आणि मुलगी आता रात्रभर झोपते. निर्णय योग्यच होता. जाळीचे दार पंजा अडवू शकेल, पण हवा अडवू शकत नाही, एवढे लक्षात असावे.

प्रतिसाद (कोथरूड)

ज्या मातीत एकनाथांनी रामेश्वरासाठी नेत असलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, त्या मातीत आपण एका मांजराला घरातून काढण्याची चर्चा करतो, याचे मला वाईट वाटते. मुलाला भूतदया शिकवायची असेल तर ती पाळण्यापासूनच शिकवावी लागते. मोठेपणी पुस्तकातून ती येत नाही.

प्रतिसाद (सदाशिव पेठ)

एकनाथांनी स्वतःची कावड रिकामी केली होती. पुण्यही त्यांचे आणि तोटाही त्यांचाच होता. येथे धोका पत्करणार आहे ते बाळ, आणि त्याला कुणी विचारलेले नाही. भूतदयेबद्दल मला आदर आहे, पण दुसऱ्याच्या, त्यातही बोलता न येणाऱ्याच्या जिवावर केलेली दया मी दया मानत नाही.

प्रतिसाद (कर्वेनगर, मूळ मुद्दा मांडणारी)

या शेवटच्या वाक्याने मी बराच वेळ थांबले. तरीही मला पूर्ण पटलेले नाही, कारण बोलता न येणारे आमच्या घरात दोघे असतील. मनीलाही घर बदलताना कुणी विचारणार नाही. बाळाचा हक्क मोठा आहे हे मी विनाअट मान्य करते, पण मोठा हक्क मान्य केला की लहान हक्क संपतो असे मला वाटत नाही.

दुपारच्या प्रश्नाबद्दल मात्र मी सासूबाईंशी बोलले. मनीला ठेवायचे हे त्यांनाही हवे आहे; संध्याकाळी त्या जप करत असताना मनी त्यांच्या मांडीशी बसलेली असते आणि माळ हलली तरी ती उठत नाही. पण त्यांनी एक अट घातली, आणि ती मी स्वीकारली. बाळ आणि त्या दोघेच घरी असतील तेव्हा मनी ड्राय बाल्कनीत किंवा आमच्या खोलीत, बंद दाराआड राहील, आणि यात कुणीही दयेपोटी सवलत देणार नाही. पहिले बाळंतपण माहेरी, नाशिकला होणार असल्यामुळे सव्वा महिना तरी मनी आणि बाळ एका घरात नसतीलच. त्या काळात नवरा बाळाचे वापरलेले एखादे दुपटे आणून मनीला त्याची ओळख करून देणार आहे. बाळासाठी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी सध्या दिवाणावर आहे आणि मनी तिच्यावर झोपते, हे मला आजच खटकले. ती धुऊन ट्रंकेत जाईल.

हडपसरच्या दादांनी लिहिलेल्या गोष्टीवर माझ्याकडे उपाय नाही. बाळाला धाप लागू लागली आणि डॉक्टरांनी मांजराकडे बोट दाखवले, तर मनी माझ्या धाकट्या भावाकडे जाईल. त्याला मी तसे आजच विचारून ठेवले आहे, म्हणजे त्या वेळी घाईघाईत तिला भलत्याच ठिकाणी पाठवण्याची वेळ येणार नाही.

प्रतिसाद (सदाशिव पेठ)

माझे मत तेच आहे. पहिली दोन वर्षे मी मांजर घरात ठेवले नसते. पण आपण ठेवणारच असाल तर जाळीचे दार माहेरी जाण्याआधी बसवून घ्या आणि मनीला त्या खोलीबाहेर झोपण्याची सवय आत्तापासूनच लावा. बाळ आल्यावर एकदम दार बंद झाले तर ती रात्रभर दाराशी ओरडत बसेल, बाळ झोपणार नाही, आणि तिसऱ्या रात्री थकून आपणच ते दार उघडाल. कडी बाहेरून आणि उंचावर लावा. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर खाली वाकून लावायची कडी दुपारी दोनदा लागेल आणि तिसऱ्यांदा राहून जाईल.