पवना धरणाकाठी सत्तर जणांचा मुक्काम: जागा ठरवण्यापूर्वी काय विचारावे?

दादरकर८९:
आमच्या शाळेच्या १९८९ च्या दहावीच्या तुकडीचे स्नेहसंमेलन येत्या जानेवारीत सभागृहात न घेता धरणाकाठी तंबूत एक रात्र राहून करावे, असे घाटत आहे. मुलेबाळे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आमच्या दोन बाई धरून सत्तरच्या आसपास माणसे होतील. पवना आणि भंडारदरा ही दोन नावे पुढे आली आहेत. छायाचित्रांत सगळ्या जागा सारख्याच देखण्या दिसतात. तेव्हा आगाऊ रक्कम देण्यापूर्वी नेमके काय विचारावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

सह्यवाटा:
अंतराचा प्रश्न आधी निकालात काढतो. भंडारदऱ्याला कसारा घाट, इगतपुरी, घोटी असे करत शेंडीला पोहोचेपर्यंत दिवसाचा मोठा भाग प्रवासातच जातो आणि एका रात्रीच्या मुक्कामाला ते परवडत नाही. पवना जवळ आहे. मात्र मोठी बस लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीच्या वळणांतून नेण्यापेक्षा जुन्या महामार्गाने कामशेतवरून पवनानगरला न्यावी आणि ती तंबूंपर्यंत जाते की शेवटचा कच्चा रस्ता पायी तुडवावा लागतो, हेही विचारून घ्यावे.

खरी मेख जमिनीची आहे. पावसाळ्याअखेर धरण भरते आणि पुढे पाणी सोडले जाते (पिंपरी-चिंचवडची तहान याच पाण्यावर भागते), तसतसा काठ मागे सरकतो. उघड्या पडणाऱ्या या पट्ट्याला गाळपेर जमीन म्हणतात. ती सरकारी असते, कॅम्पवाल्याची नव्हे. ‘अगदी पाण्याला लागून तंबू देतो’ असे कोणी म्हणाले, की तंबू सातबाऱ्यावरच्या खासगी जमिनीत आहेत की गाळपेरीवर, हे स्पष्ट विचारावे. आम्हाला एकदा ऐन रात्री सगळे सामान उचलून वर न्यावे लागले होते, आणि त्या वेळी जेवणाची पंगत बसलेली होती!

दुसरा प्रश्न शौचालयांचा. दहा जणांना जे चालते, ते सत्तर जणांना चालत नाही, कारण सकाळी सात ते नऊ या वेळात सगळेच रांगेत असतात. वीस जणांमागे एक, हा माझा किमान हिशेब. त्याहून कमी असतील तर जागा कितीही सुंदर असो, सोडून द्यावी.

मुलुंडचे_आजोबा:
दोन्ही बाईंना कृपया तंबूत झोपवू नका. जानेवारीत पहाटे दवाने तंबू ओलेचिंब होतात आणि जमिनीवरच्या गादीवरून उठताना आमच्या वयात गुडघे साथ देत नाहीत. जवळच्या गावात पक्की खोली घ्यावी. थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी तंबूत नेण्याची खोड काहींना असते. त्या कोळशाच्या विषारी वायूने झोपेतच जीव जाऊ शकतो.

निळापट्टा:
सह्यवाटा यांनी पाण्याविषयी लिहिले नाही, ते मी लिहितो. धरणाचा काठ चौपाटीसारखा हळूहळू उतरत नाही. खाली बुडालेल्या शेतांचे बांध असतात, त्यामुळे गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट गळाभर पाण्यात पडू शकते, आणि गाळात रुतलेला पाय सहज सुटत नाही. पोहणे संपूर्ण गटासाठी बंद, असे निघण्यापूर्वीच जाहीर करावे. नौकेत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट हवे. आपल्या मंडळींना गाण्यांचा उत्साह फार, म्हणून हेही सांगतो: रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे, आणि पाण्यावरून आवाज पलीकडच्या गावापर्यंत पोहोचतो.

दादरकर८९:
सर्वांचे आभार. आज दोन ठिकाणी दूरध्वनी केला. गाळपेरीचे नाव काढताच पहिले गृहस्थ क्षणभर थांबले आणि ‘साहेब, तुम्ही या तर खरं’ एवढेच म्हणाले. दुसऱ्यांनी तंबू पाण्यापासून बरेच वर, स्वतःच्या शेतात असल्याचे सांगितले. परंतु शौचालये दोनच आहेत. आणखी दोन तात्पुरती उभारून देतील का, हे विचारले असून उत्तराची वाट पाहत आहे.