‘तुम्हाला कुणी निवडून दिलं?’

शिक्षिका, निवृत्त
काल एकांनी इथे लिहिलं: "निवडून न आलेल्या गटांनी आम्हाला लोकशाही शिकवू नये. हिंमत असेल तर निवडणुकीला उभं राहावं." रात्री झोप लागली नाही.

उमेदवारावरचे गुन्हे आणि त्याची मालमत्ता आज प्रतिज्ञापत्रात वाचता ना? ते कुठल्या पक्षाने दिलं? 1999 मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) ही संस्था काढली आणि कोर्टात धाव घेतली. 2002 मध्ये सुप्रीम कोर्टाने ही माहिती द्यायला लावली. संसदेने कायदा बदलून ते बोथट केलं, 2003 मध्ये कोर्टाने तो बदलही उडवला. माहिती अधिकाराचं मूळ तर राजस्थानातल्या मजुरांच्या हजेरीपटात आहे. ते कागद आम्हाला दाखवा, एवढंच मागणं होतं. 1996 मध्ये ब्यावरला 40 दिवस धरणं धरलं त्यांनी. निवडून आलेले तेव्हा काय करत होते?

माजी ग्रामसेवक
बाई, कालचं मीच लिहिलं होतं. शब्द मागे घेणार नाही. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करणारा एक ‘कार्यकर्ता’ आमच्याकडे दर महिन्याला यायचा. घरकुलांची यादी, पाणीपुरवठ्याची बिलं, सगळं मागायचा. माहिती तयार झाली की न्यायला येत नसे, "बसून मिटवू" असा निरोप यायचा. पोरीच्या लग्नाच्या आठवड्यात मी अपिलाच्या सुनावणीला तालुक्याला बसलो होतो. हीच का लोकशाही?

बचतगटवाली
भाऊ, त्या एका माणसासाठी आम्हाला का झोडपता? आम्ही 25 टक्के बायकांच्या सह्या गोळा करून दारूच्या दुकानावर मतदान लावलं. आलेल्यांपैकी दहात नऊ जणींनी आडव्या बाटलीवर, म्हणजे दुकान बंद करायच्या बाजूने, शिक्का मारला. तरी हरलो! कारण यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. निम्म्या घरच्या बायका ऊसतोडीला गेलेल्या. माझी सासू वारून सहा वर्षं झाली, तिचंही नाव यादीत. म्हणजे मेलेली सासू दुकानाच्या बाजूने मोजली गेली.

चंद्रपूरकर
जिंकला असता तरी काय झालं असतं? आमच्या जिल्ह्यात 2015 ला बंदी आली, 2021 ला उठली. मधली सहा वर्षं दारू घरपोच मिळायची, तीही दुप्पट भावाने. माझा चुलतभाऊ त्यातच गेला. मोर्चे काढणारे नंतर फिरकले नाहीत.

बचतगटवाली
तुमच्या भावाचं वाईट वाटलं. पण बंदी राबवणं पोलिसांचं काम, त्याचं खापर आमच्या डोक्यावर फोडू नका. मी मोजणीबद्दल बोलतेय. आमदाराला हा निम्म्याचा नियम आहे का? पडलेल्या मतांत एक मत जास्त पडलं की त्याला गुलाल. मग बाईलाच वेगळं माप का?

चंद्रपूरकर
दुकान बंद करणं म्हणजे कुणाचा तरी धंदा बुडवणं. त्याला माप कडकच हवं.

बचतगटवाली
आणि आमचे संसार बुडतात त्याला कुठलं माप लावता?

शिक्षिका, निवृत्त
मूळ विषय दारूबंदी नव्हता. पण चालू द्या, यांचं म्हणणं माझ्यापेक्षा नेमकं आहे.

माजी ग्रामसेवक
मोजणीचं पटतंय. तेवढंच. गटांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. ताई, पुढच्या वेळी सह्यांच्या आधी यादी हातात घ्या. मयतांसाठी नमुना 7, म्हणजे यादीतून नाव काढायचा अर्ज, भरायचा, सोबत मृत्यूचा दाखला. तो ग्रामपंचायतीतच मिळतो. तयार यादी दिलीत तर अर्ज मी भरून देतो.

बचतगटवाली
उद्या वाड्यावर बसतोय. रात्रीपर्यंत नावं पाठवते.