स्वस्तातला थर्मल स्पॉटर: नवा छोटा घ्यावा की वापरलेला मोठा?

रानवाट

बंदुकीवर लावायचा स्कोप नको आहे. रात्रीच्या शिकारीत हातात धरून रान धुंडाळायला थर्मल मोनोक्युलर, म्हणजे उष्णतेवरून चित्र दाखवणारी एका डोळ्याची दुर्बीण (स्पॉटर) हवी आहे. पैसे मोजकेच आहेत आणि तेवढ्यात दोनच पर्याय बसतात. एक नवाकोरा: 256×192 सेन्सर (म्हणजे आडवे-उभे इतके पिक्सेल, चित्राचे ठिपके), 12 मायक्रॉनचे पिक्सेल, 25 मिमी लेन्स, वॉरंटीसकट. दुसरा पाचेक वर्षं वापरलेला: 384×288 सेन्सर, 17 मायक्रॉनचे पिक्सेल, 38 मिमी लेन्स. माझ्या मते वापरलेलाच घ्यावा.

का, ते सांगतो. पिक्सेलच्या आकाराला लेन्सच्या फोकल लेंग्थने (इथे 25 किंवा 38 मिमी) भागून अंतराने गुणलं की त्या अंतरावर एका पिक्सेलमध्ये किती जागा मावते ते कळतं. 100 मीटरवर नव्याचा एक पिक्सेल 4.8 सेंमीचा, जुन्याचा 4.5 सेंमीचा. बारकावा जवळपास सारखाच. पण त्याच अंतरावर नवा जेमतेम 12 मीटर रुंदीचं रान दाखवतो आणि जुना 17 मीटरचं. एकूण पिक्सेल मोजले तर जुन्यात सव्वादोन पट आहेत. तेवढ्याच पैशांत हे मिळत असेल तर नुसत्या वॉरंटीसाठी मी ते का सोडू?

पहाटवारा

तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो धडधाकट सेन्सरचा आहे. वापरलेल्या यंत्रात सेन्सर धडधाकट आहे की नाही, हाच तर प्रश्न असतो.

मी एकदा वापरलेला घेतला होता. दुपारी घरात बघितला, चित्र छान वाटलं. रात्री रानात नेला तर उजव्या वरच्या कोपऱ्यात नखाएवढी पांढरी, वाकडी रेघ. यंत्र हलवलं की झाडं सरकायची, रेघ तिथेच. कॅलिब्रेशन केलं, म्हणजे यंत्राला सगळे पिक्सेल पुन्हा एकसारखे जुळवायला लावलं, की क्षणभर पुसट व्हायची आणि परत उगवायची. आधीच्या मालकाने कधीतरी सूर्याकडे रोखलं होतं. थर्मलची लेन्स काचेची नसते, उष्णतेचे किरण आरपार जाऊ देणाऱ्या जर्मेनियमची असते; ती सूर्याची उष्णता सेन्सरवर एका बिंदूत गोळा करते आणि तो भाग भाजतो. घरात दिसली नाही, कारण विकणाऱ्याने गडद रंगसंगती लावून दिली होती. सेन्सर बदलायचा खर्च विचारला तर त्यात थोडे घालून नवा आला असता. साधी दुर्बीण पडली तर प्रिझम नीट बसवून मिळतात. थर्मलमध्ये एकदा सेन्सर गेला की सगळंच गेलं.

म्हणून थोडा लहान असला तरी नवा घ्या.

रानवाट

तुमचं नुकसान झालं ते वाईटच. पण त्यावरून मला एवढंच पटतं की घराच्या आत, दिवसा बघून वापरलेला घेऊ नये. रात्री मोकळ्या आकाशाकडे रोखायचा. निरभ्र आकाश थर्मलमध्ये एकसारखं सपाट दिसतं, त्यामुळे मेलेला पिक्सेल, भाजलेली रेघ, उभे पट्टे काहीही लपत नाही. मग हाताने कॅलिब्रेशन करायचं. आतला शटर, म्हणजे सेन्सरपुढे क्षणभर येणारी झडप, टिक वाजतो. वाजला नाही, किंवा वाजल्यावरही चित्रावरचे डाग तसेच राहिले, तर यंत्र परत करायचं. शेवटी भिंतीवर तळहात पाच सेकंद दाबून उचलायचा आणि उमटलेला पंजा किती वेळ दिसतो ते बघायचं. चांगल्या सेन्सरमध्ये बोटं वेगवेगळी दिसतात आणि कडेपासून हळूहळू विरत जातात.

मागकरी

तुम्ही दोघे पिक्सेलवरच अडलात. स्पॉटरचं काम सावज हेरणं आहे, त्याचा फोटो काढणं नव्हे. 100 मीटरवर 12 मीटर काय आणि 17 मीटर काय, दाट झाडीत दोन्ही अरुंदच. नळीतून रान बघितल्यासारखं होतं. तुमच्या डावीकडे 40 मीटरवर डुक्कर उभं असतं आणि तुम्ही समोरचा बांध न्याहाळत बसता. मी 384 च्या सेन्सरवर 12 मायक्रॉन आणि 19 मिमी लेन्स वापरतो. 100 मीटरवर 24 मीटर रुंद दिसतं. बारकावा कमी आहे, पिक्सेल 6.3 सेंमीचा. पण मान न फिरवता अख्खी पाऊलवाट नजरेत राहते. तुमचं रान मोकळं असेल तर मोठी लेन्स घ्या. झाडी असेल तर 38 मिमीचा वापरलेला फुकट मिळाला तरी त्रासच होईल.

आणि खोक्यावर छापलेल्या '1800 मीटरवरून दिसतं' अशा आकड्यावर जाऊ नका. 12 मायक्रॉन आणि 35 मिमीला 1800 मीटरवर एक पिक्सेल 60 सेंमीहून मोठा असतो. तिथे उभा माणूस म्हणजे एकावर एक ठेवलेले तीन ठिपके.

पहाटवारा

एक गोष्ट अजून कोणी काढली नाही. जुन्याची संवेदनशीलता, म्हणजे तापमानातला किती बारीक फरक त्याला दिसतो ते. ती मिलिकेल्विनमध्ये (अंशाचा हजारावा भाग) मोजतात, आकडा जितका लहान तितकं चांगलं. नव्या स्वस्त यंत्रांतही हल्ली 25 मिलिकेल्विनच्या आसपासचा सेन्सर येतो. पाच वर्षांपूर्वीच्या बऱ्याच यंत्रांत तो 40 च्या पुढे असायचा. कोरड्या, थंड रात्री फरक कळत नाही. पण पाऊस पडून गेलेला, गवत, दगड, खोडं सगळं एकाच तापमानाला आलेलं, वर धुक्याचा थर. अशा वेळी माझ्या जुन्या यंत्रात पूर्ण रान राखेच्या रंगाचं व्हायचं. जनावर दिसायचं, पण ते कशाशेजारी उभं आहे तेच कळायचं नाही. नव्यात झाडाची खोडं सुटी दिसतात.

रानवाट

हे पटलं. मात्र मिलिकेल्विनचा आकडा एकटा वाचू नये. तो बहुतेक वेळा सेन्सरचा असतो आणि एफ/1.0 लेन्स धरून दिलेला असतो (एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं तोंड फोकल लेंग्थच्या मानाने मोठं). लेन्स एफ/1.2 असेल तर सेन्सरपर्यंत उष्णता साधारण 30 टक्के कमी पोचते. स्वस्त नव्यात लेन्सवर कुठे पैसे वाचवले आहेत तेही बघायला हवं, कारण जर्मेनियमची लेन्स हाही यंत्रातला महागडा भाग असतो.

ओलंगवत

मला या दोन्ही बाजूंपेक्षा एका गोष्टीची जास्त काळजी वाटते, म्हणून लिहिते आहे. कोणत्या यंत्राने किती अंतरावर *ओळखता* येतं?

जॉन जॉन्सन यांनी 1958 मध्ये मांडलेले निकष आजही वापरतात. पिक्सेलच्या भाषेत ढोबळमानाने: लक्ष्याच्या लहान बाजूवर दोन पिक्सेल पडले तर काहीतरी आहे एवढं कळतं, आठ पडले तर कोणत्या प्रकारची वस्तू (माणूस, जनावर की गाडी) ते कळतं, बारा-तेरा पडले तर नेमकं काय ते. खांद्याशी 80 सेंमी उंच रानडुक्कर घ्या. इथे चर्चेत असलेल्या दोन्ही यंत्रांत 200 मीटरवर ते आठ-नऊ पिक्सेल भरतं. तेही पूर्ण उघड्यावर असेल तर. पाय गवतात असले की चार-पाच उरतात. डिजिटल झूमने ठिपके मोठे होतात, वाढत नाहीत.

मी स्वतः गवतात दोन पांढरे गोळे बघत बसले होते. आकार डुकराचा, उंची डुकराची. सोबतचा म्हणाला, डुकरांचीच जोडी. मी थांबूया म्हटलं. दहा-बारा मिनिटांनी एकाने कान झटकला, लांब आणि आडवा कान, आणि मग मागचे पाय आधी उचलून ते उठलं. वासरं होती, चुकून बाहेर राहिलेली. त्या रात्रीनंतर थर्मलमध्ये दिसलेल्या कशावरही दुसरी खात्री केल्याशिवाय बंदूक उचलायची नाही, हा आमचा नियम झाला. याच कारणाने हातातला स्पॉटर वेगळाच असावा. बंदुकीवरच्या स्कोपने रान चाळणारा माणूस न ओळखलेल्या प्रत्येक गोष्टीवर नळी रोखत असतो.

म्हणून पैसे कमी असतील तर अंतर कमी करा, माझं म्हणणं एवढंच. आणि जिथे रात्रीच्या शिकारीला आणि थर्मलला कायद्याने परवानगी आहे तिथलंच मी बोलते आहे.

मागकरी

ओलंगवत ताई, शंभर टक्के. शिवाय जनावर पडल्यावर ते शोधायला हेच यंत्र लागतं, आणि तिथे 50 मीटरच्या आत रुंद चित्रच कामाला येतं. झुडपाआड पडलेलं मात्र दिसणार नाही. थर्मल पानांच्या पलीकडे बघत नाही, फटीतून दिसेल तेवढंच दाखवतं.

पहाटवारा

रानवाट, वापरलेलाच घ्यायचा ठरवलं असेल तर दोन गोष्टी बघाच. रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा, 9 हर्ट्झचा नाही ना? निर्यातीच्या नियमांमुळे तशी बरीच यंत्रं बाजारात आली. यंत्र फिरवलं की चित्र धक्क्याधक्क्याने सरकतं आणि पळतं जनावर तुकड्यातुकड्यात दिसतं. 25 च्या खाली जाऊ नका. आणि बॅटरी काढता येते का? आतच बसवलेली असेल तर पाच वर्षांत तिची ताकद कमी झालेली असते, थंडीत तर अजूनच.

रानवाट

काल संध्याकाळी बघून आलो. 50 हर्ट्झ आहे, बॅटरी निघते. तळहाताचा पंजा स्वच्छ दिसला, पाची बोटं. डोळ्याजवळचं रबर चिरलंय, म्हणजे अंधारात स्क्रीनचा उजेड चेहऱ्यावर पडणार, पण रबर बदलता येईल. फोकसची रिंग एका ठिकाणी अडखळते. आकाश ढगाळ होतं, त्यामुळे ती परीक्षा झाली नाही. एक रात्र रानात न्यायला मागितला, पूर्ण रक्कम ठेवून. विकणारा नाही म्हणाला.

पहाटवारा

पूर्ण रक्कम समोर असताना एक रात्र देत नाही? मग सोडा. रिंग अडखळते म्हणजे यंत्र कधीतरी पडलंही असेल.

रानवाट

सोडला. दुसरा शोधतोय. वापरलेलाच, पण या वेळी मागकरींचं ऐकून 19 किंवा 25 मिमीचा.