कॉफी दळायला मिक्सर पुरतो का?

कुळागर: घरच्या कॉफीसाठी वेगळा ग्राइंडर घेणे म्हणजे पैशांची नासाडी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. चटणीचे भांडे प्रत्येक घरात असते. त्यात दाणे 20 सेकंद फिरवले की पूड तयार होते. फोंड्याच्या आमच्या घरात माझ्या लग्नापासून अशीच कॉफी होते आणि आजवर एकाही पाहुण्याने कप अर्धवट ठेवलेला नाही.

अंत्रुज: कुळागरकाका, आपल्या घरच्या चवीबद्दल मला काही म्हणायचे नाही, पण कोणी नवखा माणूस आपले वाचून मिक्सरवरच थांबेल, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे. मिक्सरचे पाते दाणे दळत नाही, तोडते. ज्या दाण्याला ते चार वेळा लागले त्याचे पीठ होते आणि जो कडेला राहिला तो भरडच राहतो. पाणी ओतल्यावर पिठातून कडवटपणा उतरतो, तर भरडीच्या गाभ्यापर्यंत पाणी पोहोचतच नसल्यामुळे तिच्यातून नुसता आंबटपणा येतो, आणि हे दोन्ही दोष एकाच कपात जमतात. बर ग्राइंडर जात्यासारखा चालतो. दोन दातेरी पृष्ठभागांमधली, म्हणजे बरमधली, फट आपण ठरवतो आणि तिच्यातून मावण्याइतका बारीक झाल्याशिवाय कण खाली पडत नाही. वरची तळी जराशी उचलली की पिठाऐवजी भरड पडते, हे जात्यावर बसलेल्या कोणालाही ठाऊक असते.

फ्रेंच प्रेसला (दांड्याने जाळी खाली दाबायचे भांडे) जाड रव्यासारखे दळण लागते, मोका पॉटला (चुलीवर वाफेच्या दाबाने कॉफी करणारे भांडे) त्याहून बरेच बारीक, आणि यंत्राच्या दाबाने काढलेल्या दाट एस्प्रेसोला इतके नेमके की एका क्लिकनेही, म्हणजे फट बदलायच्या एका पायरीनेही, चव बदलते. एस्प्रेसो करायची नसेल तर पोलादी कोनाकार बरचा, टाइममोर सी२ सारखा हाताचा ग्राइंडर घ्यावा. मोटरचा खर्च नसल्यामुळे तेवढ्याच पैशांत विजेच्या ग्राइंडरपेक्षा चांगले बर मिळतात.

मांडवी: हाताचा ग्राइंडर सुचवणारे सगळे तरुण असावेत. माझ्या मनगटाला संधिवात आहे, आणि कमी भाजलेले दाणे इतके कठीण असतात की दोन कपांचे दळण होईपर्यंत मला हात थांबवावा लागतो. म्हणून मी विजेचा ग्राइंडर घेतला. त्याच्या वरच्या बरची कडी तुटली आणि विक्रेत्याने तो भाग 5 महिने दिला नाही. त्या काळात मी रोज बाजारची तयार पूड प्यायले. तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे की बरच्या आकाराआधी सुटे भाग मिळतात का, ते विचारावे. बराट्झा एन्कोर या विजेच्या ग्राइंडरचे 40 मिलिमीटरचे बर आणि जाडीच्या 40 पायऱ्या मला आवडल्या, परंतु आता पहिला प्रश्न मी सुट्या भागांचाच करते.

तांबडी माती: तुम्ही सर्व जण मुख्य गोष्ट विसरत आहात. आपण गोव्यात राहतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पापड मऊ पडतात, मिठाला पाणी सुटते, आणि तुम्ही पोलादाची शिफारस करता! माझ्या पहिल्या ग्राइंडरचे बर एका पावसाळ्यात तांबूस झाले. तेव्हापासून मी सिरॅमिकचेच वापरतो, कारण त्याला गंज चढत नाही.

अंत्रुज: आपण बर पाण्याने धुतले होते का? कोरड्या ब्रशने झाडले आणि काळ्या, तेलकट भाजणीचे दाणे टाळले तर चांगल्या पोलादाला सहसा काही होत नाही. माझा ग्राइंडर म्हापशाच्या कौलारू घरात तिसरा पावसाळा काढत आहे. स्वस्त सिरॅमिक ग्राइंडरचा आसच डुगडुगतो, त्यामुळे जाड दळताना फट सारखी राहत नाही, आणि मग मिक्सरपेक्षा वेगळे असे फारसे काही हाती लागत नाही. दमटपणा पुडीला अधिक बाधतो, म्हणून प्यायच्या वेळीच दळावे. उलट, वातानुकूलित कोरड्या खोलीत पूड भांड्याला चिकटू लागली तर दाण्यांवर पाण्याचा एक थेंब टाकून ढवळावे. दाण्यांतल्या ओलाव्याने दळतानाची स्थिर वीज घटते, हे ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केले आहे.

तांबडी माती: धुतले होते, मान्य करतो. परंतु गंजाची भीती सांगणाऱ्याला दाण्यांवर पाणी टाकायला सांगणे हा बेजबाबदारपणा आहे.

अंत्रुज: मी कोरड्या खोलीतला एक थेंब म्हणालो, पावसाळ्यातली ओंजळ नव्हे. माझे वाक्य अर्धे वाचून माझ्यावर आरोप करू नका.

मांडवी: ओलाव्याचा विषय निघालाच आहे तर मान्सून्ड मलबारचे सांगते. ते दाणे मुद्दामच किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यात ठेवतात. ते फुगतात, फिकट पडतात. माझ्या नेहमीच्या चिकमगळूरच्या दाण्यांचा क्लिक त्यांना चालत नाही. मिक्सरवर अशी दुरुस्ती करायची तरी कुठे?

कुळागर: मिक्सरच्या पुडीने कडवटपणा आणि आंबटपणा एकाच कपात येतो याला पुरावा काय, असे मी विचारणारच होतो.

अंत्रुज: काका, पुरावा आपल्याच स्वयंपाकघरात आहे. मिक्सरची पूड मैद्याच्या चाळणीने चाळा. खाली पडलेली आणि वर उरलेली पूड सारख्या वजनाने घेऊन दोन कप करा, आणि दूध न घालता प्या.

कुळागर: केले. खालच्या पुडीचा कप कडवट लागला, वरच्या पुडीचा पाणचट आणि आंबट. सौभाग्यवतींनीही तेच सांगितले. तेवढे मान्य करावे लागते. तरीही आमच्या मिश्रणात 40 टक्के चिकोरी असते (कायद्याने 49 पर्यंत चालते), ती पूड आयतीच येते, आणि निम्मा पेला दूध असते. त्यात हा फरक मला जाणवत नाही, त्यामुळे माझ्यासाठी मी ग्राइंडर घेणार नाही. मुलगा मात्र फ्रेंच प्रेसमध्ये बिनदुधाची कॉफी करतो. त्याला तो हाताचा ग्राइंडर घेऊन देईन, आणि तो धुवायचा नाही हेही बजावीन.